मावशींचा लाल दिवा आणि आठ तारा

टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही दम घ्या. मंडळी, आज तुम्हाला एकच विचारायचंय. देणारा भरभरून देतो, असं आपण रोज म्हणतो ना? मग घरात शिरेपर्यंत ते जातं कुठं? दारात नऊशे चाळीस, आणि मागच्या खोलीत नऊ! मधलं खाल्लं कोणी?

मागून कोण म्हणालं — 'कंपनीनं'? हसू नका हो! यशवंतअण्णाही हेच म्हणत होते. ऐका.

कोरेगावात यशवंतअण्णा लोखंडे राहायचे. टेलिफोन खात्यात लाइनमन. चौतीस वर्षं खांबावर चढले. आणि त्यांच्या मंडळी, इंदूमावशी — त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही! म्हणजे बघा, गावभर लोकांचे आवाज पोचवणारा हा गडी, आणि घरात बायकोलाच त्याची हाक ऐकू जात नाही. पण संसार काय सुरेख केला दोघांनी! बोलायचं हातांनी. भांडायचं तेही हातांनी! आणि मावशींना भांडण संपवायचं असलं, की त्या सरळ डोळे मिटून घ्यायच्या. बोल आता काय बोलतोस! — पुढच्या रांगेतल्या ताई, घरी जाऊन हे करून बघू नका.

त्यांची लेक स्नेहल. आयर्लंडला असते. तिला ऐकू येतं, पण पोरगी बोलायला शिकली ती आधी आईच्या हातांवरूनच. तिला मुलगा झाला. सगळे आनंदात. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळाचे कान तपासले आणि सांगितलं — याला ऐकू येत नाही.

दोन दिवस तसेच गेले, मंडळी. तिसऱ्या दिवशी स्नेहल व्हिडिओ कॉल लावून पडद्यावर आईसमोर आली आणि हातांनी म्हणाली, "आई, बारशाला आत्या कानात कुर्रर्र करणार. याच्या कानात करून काय उपयोग गं? याचं नाव तू ठेव. तुझ्या हातांनी ठेव."

आता हे नाव कसं ठेवतात, ठाऊक आहे? माणसाचा चेहरा नीट निरखायचा. त्याचं म्हणून जे काही असेल, त्याची एक खूण करायची. तीच त्याची हाक. अण्णांचं नाव काय होतं? मिशीवरून एक बोट फिरवायचं. झालं!

म्हणजे आजीला बाळाचा चेहरा दिसायला हवा, आणि तिकडं आजीची बोटं दिसायला हवीत. इथंच तर घोडं पेंड खात होतं! पडद्यावरचं चित्र अडकायचं. पाच बोटांची दोनच दिसायची. नातवाच्या तोंडाचे नुसते चौकोन! स्नेहलनं तिकडूनच कंपनीला सांगून हजाराच्या वेगाची नवी लाइन जोडायला लावली. काचेची तार आली, बाहेर मीटरच्या कपाटात डबा बसला. आणि मागच्या खोलीत, जिथं मावशी बसायच्या, तिथं पुन्हा चौकोनच!

अण्णा भडकले. "चोर आहेत लेकाचे! हजार सांगतात आणि चिमूटभर देतात!" कंपनीची दोन माणसं येऊन गेली. बाहेरच्या डब्यावर वेग मोजला, नऊशे चाळीस. "काका, आमचं बरोबर आहे." गेली! ओसरीच्या भिंतीवर एक पांढरी पेटी होती. घरातली तार अण्णांनी स्वतः टाकलेली, तिचा जोड त्या पेटीत. तिला मात्र ते कोणाला हात लावू देईनात. "तो माझा जोड आहे! आमच्या लाइनमनांत दुसऱ्याचा जोड न विचारता उघडत नाहीत!"

बारशाचा दिवस उजाडला. आपल्याकडच्या साडेचारला बारसं. अडीच वाजता कंपनीच्या रुक्साना बागवान आल्या. चाळिशीच्या बाई, कमरेला पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरचा पट्टा. बाहेर मोजलं, नऊशे चाळीस. आत मोजलं, नऊ! मागच्या खोलीतला जुना राउटर काढून नवा लावला. मोजलं — पुन्हा नऊ! मग पेटीपाशी आल्या, आणि काय म्हणाल्या असतील?

"काका, जोड तुमचा आहे. उघडू का?"

विचारलं हो! अण्णांना पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. ते पेटीपासून बाजूला सरकले आणि त्यांनी मान हलवली.

रुक्सानाबाईंनी पेटी उघडली. "काका, या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. पूर्ण वेग हवा तर आठही लागतात. इथं चारच जोडल्यात, त्यातल्या एकीला गंज चढलाय. बाकीच्या चार कुठं गेल्या?"

अण्णांनी बोटानं दाखवलं. स्वयंपाकघरात ओट्यावर एक इवलासा लाल दिवा. मागच्या खोलीत तसलाच दुसरा. आणि ओसरीत अण्णांच्या खुर्चीपाशी बटण! पंधरा वर्षांपूर्वी चार तारांत इंटरनेटचं भागत होतं, म्हणून उरलेल्या चार त्यांनी दिव्यांना दिल्या होत्या. बटण एकदा दाबलं, की दारात कोणीतरी आलंय. दोनदा दाबलं, की चहा. आणि तीनदा दाबलं, की काम काही नाही, नुसती ये, बस इथं.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," अण्णा म्हणाले. "पण बाई, हे काढलं तर मी तिला हाक कशी मारू?"

बघा! कंपनीला शिव्या घालणारा माणूस स्वतःच तार अडवून बसलेला! पण त्याच्यावर रागवाल का तुम्ही? मला तर गलबलून येतं. चांगल्या कामालाच अडवली होती हो त्यानं.

रुक्सानाबाई हळूच म्हणाल्या, "दिव्यांसाठी वेगळी तार ओढून देते मी. पण माल साताऱ्याहून येणार, सोमवारी." घड्याळात पावणेचार झाले होते.

मावशी दारात उभ्या होत्या. ऐकू काही गेलं नव्हतं. पण उघडी पेटी दिसली, नवऱ्याचा चेहरा दिसला, सगळं कळलं. बायकांना कळतं हो! त्या पुढं आल्या. रुक्सानाबाईंच्या पट्ट्यातली पक्कड काढली आणि त्यांच्याच हातात दिली. मग अण्णांकडं वळून हातांनी म्हणाल्या —

"तोडायला सांगा. बावीस पावलांवर तर असते मी. दिवा कशाला? उठून या. खांद्यावर हात ठेवा."

अण्णांचे डोळे भरले. चारही तारा त्यांनी स्वतः सोडवून दिल्या. रुक्सानाबाईंनी गंजकी टोकं कापली, आठही तारा नीट बसवल्या. आत मोजलं — नऊशे तीस!

साडेचार वाजले. पडदा उजळला. बाळ दिसलं, अगदी लख्ख! पापण्यांचे केस मोजून घ्या. मावशी बघतायत, बघतायत... बाळानं जांभई दिली, आणि डाव्या गालावर एक खळी पडली. एकाच गालावर! मावशींनी बोट आपल्या गालावर टेकवलं आणि हलकेच फिरवलं. ठरलं नाव!

तिकडं स्नेहलनं तसंच बोट फिरवलं. मग आत्या पुढं झाली. कुर्रर्र नाही, काही नाही. बाळाच्या समोर आली, आणि तिनं त्याच्या गालावर अलगद बोट फिरवलं. बाळानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मंडळी, त्या लेकराला पहिल्यांदा कोणीतरी नावानं हाक मारली, आणि त्यानं ओ दिली!

सोमवारी रुक्सानाबाई तार घेऊन आल्या. "काका, दिवे परत लावू?" अण्णांनी मावशींकडं बघितलं.

मावशींनी डोळे मिटून घेतले!

आता तुमच्याकडं वळतो. तुम्हाला ऐकू येतं, घरच्यांनाही येतं. तरी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात मोबाइलवर 'चहा टाक' लिहिणारे इथं किती जण आहेत? हात वर करू नका, बायका बघतायत! देणाऱ्यानं आठही तारा दिल्यात. चार आपण कशात गुंतवून ठेवल्यात, ती पेटी ज्यानं त्यानं आपापली उघडायची. जोड तुमचा आहे, मी नुसता विचारतोय.

दर कीर्तनाच्या शेवटी आपण देवाच्या नावाचा गजर करतो. आज आवाज नको. शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवा. ठेवलात? टाळ राहू द्या, मृदंग राहू द्या. क्षणभर हात तसाच असू द्या. आणि घरी गेलात, की उंबऱ्यातून हाक मारू नका. बावीस पावलं चालून जा.