धारेला बसलेले बाबा

हसायचं नाही, तरच सांगते. मागच्या महिन्यात आईचा उजवा कोपर इतका दुखायला लागला, की तिला चहाचा कपही उचलवेना. इस्लामपूरचे डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो आहे. माझ्याकडे धारा काढणाऱ्या आणि धुणं पिळणाऱ्या बायकाच येतात, टेनिस खेळणारं अजून कुणी आलं नाही. महिनाभर धार काढायची नाही."

पण आमची म्हैस आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. मग फौजेतून निवृत्त झालेले माझे बाबा आईची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसले. म्हैस फसली.

तेवढ्यात शेजारचे तानाजीकाका आले. "आवं वैनी, हात दुखतोय न्हवं? मग धार कशाला काढताय?"

बाबांनी मिशीसकट तोंड वळवलं. काका पोट धरून हसायला लागले.

"हसतोस काय गड्या? तुझ्या बायकूला कवा इचारलंस का, हात दुखतोय का म्हणून?"

काका तसेच घराकडे वळले. मी पुढे होऊन बाबांचा घसरलेला पदर नीट केला.

संध्याकाळी काकू आईकडे आल्या. "अक्का, तुमचा डाक्टर कुठं बसतो? दोन वर्सं कोपर दुखतोय माझा. आज पयल्यांदा इचारलं ह्येंनी."