संपलं नाही आई, सॅम्पलिंग!

नाही नाही, तुम्ही आधी मला एक सांगा, मशीनला स्वतंत्र खोली लागते का हो? बरं, लागत असेल, लागो बापडी, पण ती सासूबाईंचीच का? आणि सासूबाईंची खोली गेली की सासूबाई माझ्याच घरी का? आणि त्या माझ्या पलंगावर म्हटल्यावर मी कुठे… जाऊ दे, येतो तिथे.

तर माझा मेव्हणा. बायकोचा सख्खा भाऊ, त्यामुळे जे बोलायचं ते मी तुमच्यापाशी बोलतो, घरी नाही. याला गाण्याचं वेड. अहो, असावं! पण मग माणसानं गाणं ऐकावं ना? हा गाण्यातला आवाज ऐकतो! म्हणून आणला म्युझिक सर्व्हर. म्हणजे भलामोठा कॉम्प्युटर, ज्यावर गाण्याशिवाय दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. स्वतःच्या बायकोला त्यावर एक तिकीट काढून देईल तर शपथ! आणि त्यात टाकलं अपसॅम्पलिंगचं सॉफ्टवेअर.

"भावोजी, कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे ठिपके असतात," डोळे मिटून सांगतो, "आपण दोन ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके भरायचे. एकाचे सोळा!" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "दुधात पाणी घालून वाढवतात, तसं का रे?" झालं! आठवडाभर आईशी अबोला.

आता ही ठिपके भरायची हमाली करताना तो कॉम्प्युटर असा तापतो, त्याचा पंखा असा घोंघावतो, की गाणंच ऐकू येईना! मग मशीन आतल्या खोलीत. आतल्या खोलीत कोण? सासूबाई! त्यांचा पलंग बाहेर. आणि मशीनला बसवला एसी! सासूबाई कित्येक उन्हाळे एसी मागत होत्या, तेव्हा "आई, तुझे गुडघे धरतील." मशीनला गुडघे नाहीत ना!

पण सासूबाईंना खोकला. इकडे व्हायोलिन सुरू झालं की तिकडून खॉक्! "आई, अगं सुराची शेपटी तोडलीस!" मग पलंग पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला लावून. तिथून त्या बिचाऱ्या विचारणार, "संपलं का रे?" कारण संपल्याशिवाय खोकायची परवानगी नाही! आणि आतून हा खेकसणार, "संपलं नाही आई, सॅम्पलिंग! अप-सॅम्पलिंग!" घोंघावणाऱ्याला खोली आणि खोकणारीला पॅसेज! आणि पॅसेजमधूनही खोकला ऐकू येतो म्हटल्यावर… "ताईकडे जाऊन ये ना आई, थोडे दिवस. सेटिंग होईपर्यंत."

आल्या. पण बॅग रिकामी करीनात! "थोड्या दिवसांसाठी कशाला पसारा," म्हणायचं, रोज बॅगेतूनच कपडे काढायचे, बॅगेतच ठेवायचे. आणि संध्याकाळी लेकाला फोन. "संपलं का रे?" तिकडून काय उत्तर येतं ते आमच्या शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झालंय!

मग एकदाचं आमंत्रण आलं. सेटिंग झालं, सगळे ऐकायला या. आम्ही निघालो, तर सासूबाई दारात बॅग घेऊन उभ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं असं कोपर मारलं…! घेतली बॅग, टाकली डिकीत.

तर हा मधोमध खुर्चीत, आम्ही भिंतीला टेकून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. गाणं सुरू होणार, आणि आतून पीं… पीं… पीं! सर्व्हरचा यूपीएस, म्हणजे तो बॅटरीचा डबा, बोंबलत होता हो, कान फाटायची वेळ! आणि हा? डोळे मिटून, हसून म्हणतो, "ऐका… काय शांतता आहे!"

वहिनी, म्हणजे याची बायको, माझ्याकडे बघतायत, मी माझ्या बायकोकडे. सासूबाई म्हणाल्या, "अरे, शिटी वाजतेय." हा म्हणतो, "आई, तुझे कान गेलेत." आणि सासूबाई बॅगेसकट परत आमच्याकडे!

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी धरून कानाच्या डॉक्टरकडे नेला, मीही गेलो, असा तमाशा कोण सोडतो? डॉक्टर म्हणाले, "वरच्या पट्टीतले आवाज यांना ऐकूच येत नाहीत. बरीच वर्षं झाली असावीत." मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज… नाही, खोटं कशाला बोलू, नाही वाटली लाज! म्हटलं, संपलं! मशीन भंगारात, सासूबाई खोलीत, मी माझ्या पलंगावर!

तर हा गडी टुणकन उठला. "भावोजी, आत्ता कळलं! माझ्या कानातच ठिपके कमी पडतायत! हा रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये घालतो, जे कानाला कमी, ते मशीन भरून काढेल! फक्त काम वाढणार, आणखी एक मशीन लागेल. पॅसेजमधला पलंग काढला की बसतंय बघा!"

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "संपलं का रे?"

"संपलं नाही आई, सॅम्पलिंग! आता तर दुसरं मशीन येतंय, तुझ्या पलंगाच्या जागी!"

सासूबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "नाही रे बाळा. संपलं." आणि फोन ठेवला. खोकल्यासुद्धा नाहीत हो! उठल्या, बॅग ओढली, रिकामी केली, एकेक कपडा घडी घालून कपाटात लावला. माझ्या कपाटात.

आणि माझे कपडे? ते आता त्या बॅगेत आहेत. आणि बॅग आमच्या पॅसेजमध्ये. माझ्या उशाला!