नवे टायर पुढे की मागे?

हसू नका, पण माझी आई आज आहे ती थेरगावच्या टायरवाल्या सलीमभाईंमुळे. तिला तपासणीसाठी दर आठवड्याला एक्स्प्रेस वेने मुंबईला न्यायचो. टायर दोनच बदलायचे होते.

मी म्हणालो, “नवे पुढं टाका. आमच्या साड्यांच्या दुकानात नवा माल पुढंच लावतो.”

“शेठ, दुकान पाण्यावर घसरत नाही. झिजलेले मागं राहिले तर गाडी गर्रकन फिरेल. नवे मागंच बसतील, नाहीतर दुसरं दुकान बघा!”

नवे मागं बसवून घेतले. त्याच आठवड्यात आईला नेताना घाटात पाणी साचलेलं. पुढची मोटार फिरून आडवी झाली. मी ब्रेक दाबला, आमची सरळ थांबली.

गाडी कडेला घेऊन फोन लावला. “सलीमभाई, वाचलो!”

“शुक्र आहे! पुढचे दोन कधी टाकताय?”

जन्मात पहिल्यांदाच भाव न विचारता म्हणालो, “उद्याच!”