हजर, बाई

शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. औषधाच्या दुकानाबाहेर खडूच्या गोलांत रांग. माझ्या पुढे मास्क लावलेल्या दोघी.

“आजी, तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय.”

“छे हो. सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच बोलतात.”

“जरा ‘हजर, बाई’ म्हणा बघू.”

“अगं बाई! तुम्ही होय?”

“तरीच! आणि मी रोज सांगतेय, पोरी, घसा बसलाय, गुळण्या कर!”

“करते की. बरं वाटतंय.”

“कॅमेरा बिघडलाय सांगून नातीच्या जागी तुम्ही बसता?”

“पटावरून नाव काढाल म्हणून बसते. पोरगी ऐकतच नाही. वर्ग शाळेत असतो म्हणते. रोज दप्तर घेऊन तिथंच जाते. शिपाईमामा सोडतात आत.”

“रिकाम्या वर्गात करते काय?”

“फळ्यावर तारीख लिहिते आणि बाकावर बसते.”

“कुणाची वाट बघत?”

“तुमची. आणखी कुणाची?”

रांग पुढे सरकली. बाई गोलातच उभ्या.

“उद्या तारीख लिहू नकोस म्हणावं तिला. मी लिहीन. तास तिथूनच घेईन.”

“म्हणजे मी सुटले!”

“सुटताय कुठं? मोबाइलवर बसायचं. अपूर्णांक कच्चे आहेत तुमचे.”