चटईखालची वायर

आईनं हे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलंय, पण तुम्ही घरच्याच आहात. परवा गणपती बसले तेव्हा माझ्या काकांनी एकाच लांब वायरीवर दिव्यांची माळ, रेडिओ आणि चहाची विजेची किटली लावली. वायरीचा तुटका जोड चिंधीनं बांधला. कुणी अडखळू नये म्हणून ती चटईखाली सरकवली आणि वर भजनवाल्यांना बसवलं.

“काका, चटई गरम लागतेय.”

“आयो, मास्तरीणबाई! राजधानीत, पोर्ट लुईच्या ऑफिसात बसतो मी. मला वायर शिकवतेस?”

आरतीच्या मध्येच चटईतून धूर आला. शेजारची मावशी म्हणाली, “धूप कसा छान आहे!” मी धावत जाऊन प्लग ओढला. माळ विझली तसे काका कडाडले, “बाप्पासमोर अंधार केलास?”

चटई उचलली, तर जळून हाताएवढं भोक पडलेलं. तरी कान धरून माफी मागितली कुणी? मी! काका मात्र सगळ्यांना सांगतात, बाप्पानं वाचवलं.

आज विसर्जनाच्या आरतीसाठी त्यांनी तीच वायर नव्या चिंधीनं बांधून नव्या चटईखाली घातलीय. मी आत्ताच जाऊन तो प्लग ओढणार आहे, पण ऐका, काका मलाच हाक मारतायत—

“सुमन! आरतीला चल. चटईवर तुझी जागा ठेवलीय!”