नको म्हटलं तरी येणारं व्याज

...आणि वर मलाच म्हणतात, काका, तुम्ही फार संशयी! मी संशयी? अहो, तुम्ही दुकानात अर्धा किलो डाळ मागितली आणि त्याने वर पावशेर मीठ ओतलं, का तर म्हणे सगळ्यांनाच ओततो, तर तुम्ही गुपचूप घ्याल का? नाही ना? मग बँकेने न मागता व्याज टाकलं तर मी का घ्यायचं? तुम्हाला सांगतो, न मागता कुणी देत असेल ना, तर समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

घड्याळं दुरुस्त करतो मी, बाजारातल्या जिन्याखाली, चाळीस वर्षं. आमच्यात व्याज हराम, घ्यायचं नाही, द्यायचं नाही, म्हणून बँकेची पायरी कधी चढलो नाही. पैसे कुठे ठेवायचो? एक गिऱ्हाईक लंबकाचं घड्याळ टाकून गेलं ते परत आलंच नाही, त्या घड्याळाच्या पोटात! पण आता लोक खिशात रोकडच ठेवत नाहीत, फोन पुढे करतात. जावई म्हणाला, अब्बा, खातं उघडा, नाहीतर धंदा बसेल. जावई एवढ्या प्रेमाने बोलला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय... पण गेलो.

काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, खातं द्या, व्याज नको. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मॅनेजरला बोलावलं. तो माझ्याकडे असा बघतोय, जणू मी तिजोरी फोडायला आलोय. "काका, व्याज नको म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहतोय. पैसे नक्की तुमचेच ना?" म्हणजे बघा, मला वाटतंय पाणी त्याच्याकडे मुरतंय, त्याला वाटतंय माझ्याकडे! बिनव्याजी खातं होतं म्हणे, पण त्याला दुकानाची कागदपत्रं लागतात, आणि जिन्याखालच्या स्टुलाला कसली आलीत कागदपत्रं? शेवटी साधं बचत खातं घेतलं आणि व्याज टाकू नका असा अर्ज दिला, तीन प्रतींत. तीन महिन्यांनी पासबुक उघडतो तर, आलंच! तसाच गेलो, म्हटलं काढून घ्या. बाई म्हणाल्या, काका, आम्ही नाही टाकत, कॉम्प्युटर टाकतो. आता कॉम्प्युटरशी काय भांडणार?

दर तीन महिन्यांनी हेच, असं पाच वर्षं चाललं, शेवटी मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिथे ठेवू नका, काढा आणि लोकांच्या कामाला देऊन टाका. फक्त पुण्याची आशा धरायची नाही आणि स्वतः कणभर फायदा घ्यायचा नाही.

झालं. बाजारातली मुतारी मोडकळीला आली होती, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, आणि मला मधुमेह, तासातासाला उठावं लागतं. समोरचा चष्मेवाला दुरुस्तीची वर्गणी जमवत होता. पाच वर्षांचं साठलेलं व्याज नेऊन त्याच्या हातात ठेवलं, म्हटलं नाव कुणाला सांगू नकोस. तो गहिवरला, म्हणाला, "काका, गुप्तदान!" मी म्हटलं, दान नाही रे, आमच्यात ही घाण समजतात, अंगावरून झटकतोय. त्याचा चेहराच उतरला. "मग आमच्या अंगावर का झटकता?"

पण मुतारी झाली हो! पांढऱ्या फरशा, कडी, दिवा, नळाला चोवीस तास पाणी. घरी येऊन बायकोला खुशीत सांगत होतो, तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता म्हणते, "आणि तुम्ही कुठे जाणार?" मी म्हटलं, कुठे म्हणजे? तर म्हणते, "कणभर फायदा घ्यायचा नाही ना?"

तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीनच सरकली. पाच वर्षं दिवस मोजले होते मी त्या मुतारीसाठी! तडक मौलवीसाहेबांकडे. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, म्हणाले, सगळ्यांसाठीच आहे ती, तुम्हीही गेलात तर हरकत नसावी. *नसावी!* हरकत नाही असं म्हणाले नाहीत, नसावी म्हणाले. आणि इतक्या झटकन परवानगी? तेही मला लघवीची घाई असताना? छे, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग काय... अख्खा बाजार जातो तिथे. चष्मेवाला जातो, त्याची गिऱ्हाईकं जातात. एक दिवस तो बँकेचा मॅनेजरसुद्धा रुमालाला हात पुसत बाहेर आला, म्हणाला, काका, झकास झालीय! आणि मी? स्टुलावर फडकं टाकायचं आणि घरी चालत सुटायचं, जायला बारा मिनिटं, यायला बारा, दिवसातून सहा वेळा, तेही पाय आवळून. तीन महिने झाले.

काल डॉक्टरकडे गेलो. त्याने रिपोर्ट पाहिला, परत पाहिला, म्हणाला, काका, कमाल आहे, साखर एकदम ताब्यात, काय करता काय? म्हटलं, चालतो. तर पाठ थोपटून म्हणाला, वा, सोडू नका, हा सगळा त्याचाच फायदा आहे...

फायदा म्हणाला हो तो. आता हा कुणाला देऊन टाकू?