पोटाला बांधलेला पट्टा

...अन् माझ्याकडं कोणी बघंनाच की वो! तुमाला सांगते, कळा मला यायल्यात, घाम मला फुटायलाय, अन् सगळे बघायलेत त्या मशीनकडं! परभणीच्या दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधले, एक लेकराचा ठोका बघायला, दुसरा कळ बघायला. आमचे हे, योगीराज, उशाशी उभं राहून आकडे वाचायलेत, "एकशे चाळीस... एकशे अडतीस..." अवो, मॅच लागलीय का? माझी माय सरजाबाई मानवतहून आलेली, तिनं तर मशीनलाच हात जोडलेले! मी वरडायले, "माय, पाणी!" तर म्हणती, "थांब गं, ठोका ऐकू दे." अरे, माझ्याकडं बघा की कोणी!

एक कळ आली अन् आकडा खाली. ह्यांचा आवाज चिरकला, "सिस्टर, कमी झालं!" सुकेशनी सिस्टर लय शांत. "दादा, कळंत बाळाचं डोकं दबतं, ठोका जरा उतरतो. कळ गेली की चढतो. बघा, चढला का न्हाई?" चढला. हे हासले, माय हासली... अन् मी? माझ्याकडं बघा की कोणी!

दुपारनंतर मात्र... कसं सांगू... कळ ओसरली तरी हे आकडा बोलंनात. म्या म्हनलं, "अवो, बोला की." नुसते ओठ हालायलेत. टकटक-टकटक पळणारा आवाज टक्... टक्... असा लांबला. सिस्टरनं मला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टर मॅडमला हाक मारली. पुढच्या कळंलाबी तेच, त्याच्या पुढच्याबी. मॅडमनी मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी बघितली अन् सरळ माझ्या डोळ्यात बघितलं. "राजनंदिनी, कळ गेल्यावरही बाळ सावरत नाहीये. आता थांबायचं नाही. सिझर करू."

खरं सांगते, तवा वाटलं, नका बघू माझ्याकडं. तिकडंच बघा. माझं काय बी होऊ द्या, त्या आवाजाकडं बघा...

ऑपरेशनच्या टेबलावर पट्टे काढलेले. आवाजच न्हाई. लेकरू बाहेर काढलं, तरी आवाज न्हाई. "रडलं का वो? सिस्टर, रडलं का?" माझा जीव नुसता कानात... मग मांजरीच्या पिल्लावानी बारीक कुईं... अन् मग काय भोकाड पसरलं! पोरगी! बाहेर हे भिंतीला टेकून ढसाढसा रडले म्हणं.

आता ती धडधाकट हाय. पण ह्यांचं भ्या जाईना. ती जरा गप निजली की हे चालले तिच्या छातीला कान लावायला. अवो, आत्ताच निजवलीय म्या, नका... अवो, नका...

घ्या! उठली.